अजिंठ्याच्या शिळाछापांवर कोणाचे नाव? मुंबईच्या कलाशाळेचे चित्रसंपुट आणि खानदेश

धागा | कलेचा इतिहास | खानदेश

१/
इ. स. १८९६-९७ मध्ये लंडनमध्ये दोन भव्य आकाराचे खंड प्रसिद्ध झाले. त्यांचे इंग्रजी शीर्षक मराठीत आणायचे तर ‘अजिंठ्याच्या बौद्ध लेणीमंदिरांतील चित्रे, खानदेश, भारत’ असे होईल. एकूण चित्रफलक १५९. भारतमंत्र्यांच्या आदेशाने काढलेला हा ग्रंथ. शीर्षकपृष्ठावर कर्ता म्हणून नाव एकच: जॉन ग्रिफिथ्स, मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे माजी प्राचार्य.

२/
या शीर्षकपृष्ठाकडे नीट पाहिले, तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, जी लेणी त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, त्यांच्यापुढे ‘खानदेश’ लिहिले आहे. दोन, ज्या विद्यार्थ्यांनी ही चित्रे भिंतीवरून कॅनव्हासवर उतरवली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव तेथे नाही. प्रांताचे नाव हद्द ओलांडून आले. माणसांची नावे मात्र शीर्षकाच्या हद्दीबाहेर राहिली.

३/
या धाग्यातील मत आरंभीच मांडलेले बरे. हे चित्रसंपुट एका साहेबाचा ग्रंथ म्हणून ओळखले जाऊ नये. मुंबई इलाख्यातील कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे ते सामूहिक काम आहे आणि त्याची ओळख तशीच व्हावी. आणि ज्या खानदेशाचे नाव त्यावर छापले आहे, त्या खानदेशातील भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, जामनेर यांसारख्या तालुक्याच्या गावी ते मराठी वर्णनांसह पाहावयास मिळावे. या मागणीमागचा इतिहास आता क्रमाने पाहू.

४/
प्रथम भूगोल. अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात आहेत. परंतु लेण्यांच्या घळईतून वाहणारी वाघूर नदी दक्षिणेस जात नाही. ती उत्तरेकडे खानदेशात उतरते आणि तापीला मिळते. भडगावच्या काठाने वाहणारी गिरणाही त्याच तापीला मिळते. राज्यांच्या सीमा नकाशावर आखल्या जातात. पाणी आपल्या उताराने जाते. शीर्षकातील ‘खानदेश’ हा शब्द राजकीयदृष्ट्या चूक असला, तरी उताराच्या दृष्टीने अगदीच निराधार नाही.

५/
वाटही खानदेशातूनच होती. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग झाल्यावर अजिंठ्याचे प्रवासी पाचोरा स्थानकावर उतरत आणि तेथून पुढे फर्दापूरची वाट धरीत. पुढे पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी आली, तेव्हा त्या मार्गावरील पहूर हे स्थानक लेण्यांना जवळचे झाले. म्हणजे जगभरातून अजिंठ्यास येणारी पावले भडगावच्या शेजारून गेली आहेत. मात्र त्या पावलांबरोबर जे काही परत गेले, ते या भागात फारसे कोणी पाहिले नाही.

६/
२८ एप्रिल १८१९. मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या घळईत आला. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. ‘शोध लागला’ असे पाठ्यपुस्तके म्हणतात, ते या घटनेला. परिसरातील लोकांना लेणी ठाऊक होतीच. नव्याने लागला तो युरोपीय वाचकांना त्यांचा पत्ता. येथे एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे: आधुनिक काळात अजिंठ्याच्या भिंतीवर पहिली ठळक सही पाहुण्याची उमटली. ज्यांनी त्या भिंती रंगवल्या, ते निनावी राहिले.

७/
स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि १८४३ मध्ये त्यांविषयी निबंध वाचला. चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, त्यांच्या नकला करून घेतल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. ईस्ट इंडिया कंपनीने तो मान्य केला. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची त्या कामावर नेमणूक झाली. एकट्या माणसावर टाकलेले हे काम पुढे जवळजवळ वीस वर्षे चालले.

८/
गिल यांनी मोठमोठ्या तैलचित्रांच्या रूपात नकला केल्या, नंतर छायाचित्रणही केले. १८६४ मध्ये त्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह प्रसिद्ध झाली. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे. अजिंठ्याच्या चित्रांसाठी आयुष्य वेचणारा हा पहिला युरोपीय चित्रकार खानदेशाच्या मातीत विसावला आहे.

९/
गिल यांची चित्रे लंडनला पाठवली गेली आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली. वीस वर्षांच्या श्रमांतील बहुतेक चित्रे एका आगीत गेली. अन्यत्र असलेली मोजकी चित्रे वाचली. काचेच्या त्या महालात ती जगाला दिसावीत म्हणून ठेवली होती. ती तेथेच संपली. नकलेची एकच प्रत असेल, तर तीही मूळ चित्राइतकीच नाशवंत असते. हा पहिला धडा.

१०/
आता कलाशाळेकडे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा उभी राहिली. तिचे वर्ग मार्च १८५७ मध्ये सुरू झाले. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक तेथे आले. किपलिंग १८७५ मध्ये लाहोरला गेले. ग्रिफिथ्स मुंबईतच राहिले आणि पुढे शाळेचे प्रमुख झाले. क्रॉफर्ड मार्केट, व्हिक्टोरिया टर्मिनस अशा इमारतींच्या सजावटीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

११/
गिल यांची चित्रे जळून पाच-सहा वर्षे झाल्यावर, १८७२ मध्ये, मुंबई सरकारने ग्रिफिथ्स यांच्याकडे तेच काम नव्याने सोपवले. या वेळी मात्र एक मूलभूत फरक होता. गिल एकटे होते. ग्रिफिथ्स यांच्यामागे एक शाळा होती. १८७२ ते १८८५ या तेरा वर्षांच्या काळात विद्यार्थ्यांच्या तुकड्या अजिंठ्यास नेल्या गेल्या आणि सुमारे ३०० कॅनव्हास तयार झाले. कोणा एका हाताने हे होणे शक्यच नव्हते.

१२/
ही नावे येथे मुद्दाम स्वतंत्र ओळींत लिहिण्याजोगी आहेत:
पेस्तनजी बोमनजी.
जगन्नाथ अनंत.
जयराव राघोबा.
यांच्यासोबत आणखीही विद्यार्थी होते. पेस्तनजी (१८५१-१९३८) पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपास आले, म्हणून कलेतिहासात त्यांचा उल्लेख तरी सापडतो. जगन्नाथ अनंत आणि जयराव राघोबा ही नावे मात्र संग्रहालयाच्या नोंदींतून शोधावी लागतात. मराठी वाचकास तर ती जवळपास अनोळखीच आहेत.

१३/
या कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. लेण्यांत उजेड कमी. भिंती धुराने आणि काळाने काळवंडलेल्या. चित्रे छतावर, खांबांवर, डोक्याच्या कितीतरी वर. वटवाघळे, मधमाश्या आणि दरीतील उन्हाळा यांची सोबत. अशा ठिकाणी उभे राहून, पुसट झालेली एकेक रेषा हुडकून ती मूळ मापात कॅनव्हासवर आणायची. काही कॅनव्हास सहा मीटरपर्यंत लांबीचे आहेत. सराव म्हणून केलेले हे काम नव्हे. त्याला संशोधनाची शिस्त होती.

१४/
माध्यमाचा प्रश्नही अवघड होता. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. मातीत तूस आणि तंतू मिसळून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले खनिज रंग, अशी त्यांची घडण. गेरू, पिवळी माती, काजळी. आणि निळ्यासाठी दूरदेशाहून आणलेला लाजवर्द. विद्यार्थ्यांच्या हाती होते तैलरंग. एका माध्यमातील कोरडी, मऊ झाक दुसऱ्या माध्यमाच्या चकाकीत पकडण्याची ती कसरत होती.

१५/
त्यांनी काय काय उतरवले? पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व आणि जातककथांचे राजदरबार. सोळाव्या लेण्यातील, ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध असलेले दृश्य. ही राजकन्या म्हणजे नंदाची पत्नी सुंदरी होय, असे अभ्यासक आज मानतात. सतराव्या लेण्यातील आकाशगामी अप्सरा. आणि त्यांच्याइतकीच महत्त्वाची छतांवरील नक्षी: कमळे, हंस, हत्ती, फळे, वेली. चित्रसंपुटाचा पहिला खंड कथाचित्रांना आणि दुसरा सजावटीच्या तपशिलांना वाहिलेला आहे.

१६/
कॅनव्हास लंडनला गेले. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेल्या या चित्रांपैकी शंभराहून अधिक चित्रे १८८५ मध्ये आगीत नष्ट झाली. म्हणजे एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा, त्याच शहरात, त्याच लेण्यांच्या नकला जळाल्या. ज्या वर्षी विद्यार्थ्यांनी अजिंठ्यातील काम संपवले, त्याच वर्षी त्यांच्या श्रमांचा मोठा वाटा राख झाला. आज गिल आणि ग्रिफिथ्स या दोन्ही संचांतील मिळून १६६ चित्रे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात उरली आहेत.

१७/
येथे छापील चित्रसंपुटाचे महत्त्व कळते. १८९६-९७ चे ते दोन खंड एका अर्थाने स्मारकच होते. भिंतीवरील झिजत्या चित्रांचे स्मारक, तेरा वर्षांच्या श्रमांचे स्मारक आणि जळालेल्या कॅनव्हासांचेही. फरक एवढाच की दगडी स्मारक एका जागी उभे असते. छापील स्मारकाच्या अनेक प्रती निघतात. एक ग्रंथालय जळाले, तरी दुसऱ्यात प्रत उरते. १८६६ चा धडा गिरवायला तीस वर्षे लागली, पण तो गिरवला गेला.

१८/
छपाई लंडनच्या विल्यम ग्रिग्ज यांची. रंगीत शिळाछापात त्यांचा हातखंडा होता. शिळाछापाचे तत्त्व साधे आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडी शिळेवर तेलकट शाईने चित्र काढायचे, शिळा ओली करायची, मग वरून शाई फिरवायची. शाई फक्त तेलकट रेषांना धरते. रंगीत छापासाठी प्रत्येक रंगाची वेगळी शिळा लागते आणि सर्व शिळांचे छाप एकावर एक तंतोतंत बसवावे लागतात.

१९/
ग्रिग्ज यांनी या पद्धतीला छायाचित्रणाची जोड दिली होती. मूळ चित्राचा आराखडा छायाचित्राच्या साहाय्याने शिळेवर उतरवला, की कारागिराच्या हाताने होणारा फेरफार कमी होई. चित्रसंपुटातील काही फलक रंगीत आहेत, अनेक एकरंगी. म्हणजे वाचकासमोर येणारा प्रत्येक रंगीत फलक तीन हातांतून आलेला असतो: पाचव्या शतकातील चित्रकार, एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा विद्यार्थी आणि लंडनचा शिळाछाप कारागीर. शीर्षकपृष्ठावर या तिघांपैकी एकही नाही.

२०/
याच काळात महाराष्ट्रात काय चालले होते? १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली. १८९४ मध्ये रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. त्यांच्या रंगीत शिळाछापांनी राम, लक्ष्मी, सरस्वती आणि ऐतिहासिक पुरुष घराघरांतील भिंतींवर पोहोचवले. खानदेशातील देव्हाऱ्यांतही ती चित्रे विराजमान झाली. तंत्र तेच, दशकही तेच. पण अजिंठ्याचे शिळाछाप सरकारी कचेऱ्या, मोठी ग्रंथालये आणि श्रीमंत संग्राहक यांच्यापुरतेच राहिले. वाघूरकाठची चित्रे टेम्सकाठी छापली गेली आणि तापीकाठी आली नाहीत.

२१/
आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप: या नकला विश्वसनीय नाहीत. पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतलेल्या डोळ्यांनी आणि तैलरंगांनी केलेल्या या चित्रांत छायाप्रकाश वाढला, रेषेचा लवचिकपणा कमी झाला. आक्षेप खरा आहे. पण नकला निरुपयोगी आहेत, असे त्यातून सिद्ध होत नाही. त्या कशा वाचाव्यात, एवढेच त्यातून कळते. १८७०-८० च्या दशकांत भिंतीवर किती चित्र शिल्लक होते, याची ही नोंद आहे. त्यानंतर गळून पडलेल्या भागांसाठी तर तीच साक्ष आहे.

२२/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश फिरवले. ते कालांतराने पिवळे, काळपट पडले. आकसले आणि काही ठिकाणी रंगाचा थर घेऊन सुटू लागले. पुढील जतनकारांनीही आपापली द्रव्ये वर चढवली. म्हणजे ज्या उपक्रमाने चित्रांची स्मृती वाचवली, त्यानेच चित्रांना इजाही केली. चित्रसंपुटाचे कौतुक करताना ही गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

२३/
मात्र दोषाचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. व्हार्निशचा निर्णय कोणाचा? कामाची पद्धत, साधने, मुदत आणि नकला कोठे पाठवायच्या, हे ठरवण्याचा अधिकार विद्यार्थ्यांकडे नव्हता. हाती ब्रश होता, हुकूम नव्हता. श्रेय वाटताना विद्यार्थ्यांना ‘साहाय्यक’ म्हणून मागच्या ओळीत बसवायचे आणि हानीची चर्चा निघाली की ‘नक्कल करणाऱ्यांनी’ असे अनेकवचन वापरायचे, हा न्याय नव्हे. श्रेय असो वा दोष, दोन्हींचा वाटा अधिकाराच्या प्रमाणात पडला पाहिजे.

२४/
तिसरा आक्षेप पारंपरिक वळणाचा आहे. गुरूच्या देखरेखीखालचे काम गुरूच्या नावाने जाणे ही जुनी रीत आहे. अजिंठ्याचे मूळ चित्रकार तरी कोठे नावाने ठाऊक आहेत? युक्तिवाद वरवर पटतो. पण वाकाटककालीन चित्रकारांची नावे आपल्यापर्यंत आलीच नाहीत. ती लपवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांची नावे मात्र नोंदलेली आहेत. नावच नसणे ही एक गोष्ट आणि माहीत असलेले नाव न उच्चारणे ही निराळी. पहिलीला काळ जबाबदार असतो, दुसरीला आपण.

२५/
याच संदर्भात एक तुलना बोलकी आहे. १९०९ ते १९११ या काळात क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याच्या नकलांची नवी मोहीम काढली. त्यांच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा हे तरुण चित्रकार होते. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि महंमद फजलुद्दीन. त्यांचे चित्रसंपुट १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केले. नंदलाल बोस यांनी पुढे भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवली.

२६/
बंगालच्या विद्यार्थ्यांची अजिंठा-यात्रा भारतीय कलेच्या इतिहासात तीर्थयात्रेसारखी सांगितली जाते. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी त्याच भिंतींसमोर त्यांच्याआधी सुमारे चाळीस वर्षे काम सुरू केले आणि तेही कितीतरी अधिक काळ. मग स्मृतीत एवढे अंतर का? बंगालच्या कामामागे स्वदेशीचे वारे होते, त्याविषयी लिहिणारे लेखक होते, पुढे शांतिनिकेतन होते. मुंबईच्या कामामागे सरकारी खाते होते. खात्याच्या कागदांत काम जपले जाते, पण माणसे विस्मरणात जातात. त्यांची कथा सांगणारे कोणी तरी लागते.

२७/
कथा सांगितल्याने काय होते, याचेही उदाहरण अजिंठ्यातच आहे. रॉबर्ट गिल आणि पारो यांची प्रेमकथा महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. अजिंठा गावी पारोची समाधी दाखवली जाते. ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य त्या कथेवर आहे. २०१२ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला. त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या मराठी मनाने पारोला विसरू दिले नाही, त्याच मनात जगन्नाथ अनंत यांच्यासाठी एक ओळही नसावी, याची खंत वाटली पाहिजे.

२८/
शिवाय हे काम कॅनव्हासपुरते थांबले नाही. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली जी मृत्पात्रे घडवली गेली, त्यांवर अजिंठ्याची नक्षी आली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात शाळेत भित्तिचित्रांच्या शिक्षणाला जोर आला आणि तेथील विद्यार्थ्यांनी नवी दिल्लीच्या सचिवालयात भित्तिचित्रे काढली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक काढले. महाराष्ट्राच्या कलाविचारात अजिंठा सातत्याने वाहत राहिला, त्याच्या उगमापाशी हे विद्यार्थी आहेत.

२९/
एकाच प्रतीवर विसंबू नये, याचा तिसरा पुरावा १९२३ चा आहे. जपानी चित्रकारांनी अजिंठ्याच्या ज्या नकला करून नेल्या होत्या, त्या त्या वर्षीच्या भूकंपात नष्ट झाल्या. १८६६, १८८५, १९२३. दोन आगी आणि एक भूकंप. उलट जे छापले गेले ते टिकले: ग्रिफिथ्स यांचे खंड, १९१५ चे संपुट आणि गुलाम याझदानी यांचे १९३० ते १९५५ या काळात निघालेले चार भाग. छापणे म्हणजे विखुरणे आणि विखुरणे म्हणजे वाचवणे.

३०/
हे सूत्र आजही लागू पडते. उरलेल्या कॅनव्हासांची छायाचित्रे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. पण ती पाहण्यासाठी आधी ती आहेत हे ठाऊक असावे लागते, मग इंग्रजी नोंदींतून वाट काढावी लागते. भडगाव किंवा पाचोऱ्याच्या शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी करणारी मुले नक्षीचे आकृतिबंध गिरवत असतात. त्यांच्यापासून काही तासांच्या अंतरावर अशा आकृतिबंधांची खाण आहे आणि त्यांच्याच वयाहून थोड्या मोठ्या मुलांनी ती एकदा कागदावर आणली होती, हे त्यांना कोणी सांगत नाही.

३१/
म्हणून मागण्या तीन आणि तिन्ही साध्या. एक: १५९ फलकांची, मराठी टिपणांसह, परवडणाऱ्या किमतीची नवी आवृत्ती निघावी. दोन: तिच्या मुखपृष्ठावर ग्रिफिथ्स यांच्यासोबत, नोंदींत सापडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव असावे आणि व्हार्निशची हकीकतही प्रस्तावनेत यावी. तीन: जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील तालुका ग्रंथालयांना व शाळांना तिच्या प्रती मिळाव्यात. चाळीसगावात केकी मूस यांचे कलादालन जपणाऱ्या खानदेशाला कलेची कदर नाही, असे कोणी म्हणू नये.

३२/
कलाशाळा आजही वर्धापनदिनाला, शताब्दीला चित्रसंपुटे काढतात. अशी संपुटे काढणाऱ्यांसाठी अजिंठ्याचा धडा स्पष्ट आहे. प्रती अनेक असाव्यात आणि एका शहरात साठवू नयेत. मूळ वस्तूला इजा करून तिची आठवण जपू नये. आणि ज्याने रेषा ओढली, त्याचे नाव त्या रेषेपाशी असावे. पहिल्या दोन गोष्टींना पैसा आणि तंत्र लागते. तिसरीला फक्त प्रामाणिकपणा लागतो, तरी आजवर तीच सर्वांत दुर्मीळ ठरली आहे.

३३/
इतिहास शिकणाऱ्यांच्या हाती लगेच करण्याजोगे एक काम आहे. यापुढे कोठेही ‘ग्रिफिथ्स यांची अजिंठा-चित्रे’ असे लिहिण्याची वेळ आली, तर त्याऐवजी ‘मुंबई कलाशाळेची अजिंठा-चित्रे’ असे लिहावे आणि पुढे नावे द्यावीत: पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा आणि त्यांचे सहाध्यायी. नवी आवृत्ती निघेल तेव्हा निघो. नाव लिहायला सरकारी आदेशाची गरज नाही.

(धागा समाप्त)